वाढत्या शहरात पेट्रोल पंपाची जागा कशी निवडावी : पुण्याच्या वेशीवरील जमिनींसाठी सविस्तर मार्गदर्शन

ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा आणि ३० जून २०२१ रोजी तेवीस गावे पुणे महापालिकेत आली आणि शहराचे क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरांच्या पुढे गेले. या गावांत रस्त्याला लागून जमीन असलेल्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबाला गेल्या काही वर्षांत कधी ना कधी "पंपाला जागा देता का?" असे कोणीतरी विचारलेले असते. प्रश्न सोपा वाटतो आणि मासिक भाड्याचा आकडा मोह घालतो. मात्र पंपाचा भाडेकरार साधारण वीस ते तीस वर्षांचा असतो, टाक्या जमिनीत पुरलेल्या असतात आणि एकदा बसलेला पंप उचलून दुसरीकडे नेता येत नाही. त्याच्या भोवतालचे गाव मात्र दहा वर्षांत ओळखू येणार नाही इतके बदलते. म्हणून पंपाची जागा आजच्या रहदारीवरून ठरवू नये, समोरचा रस्ता आणि शेजारची जमीन पुढे काय होणार आहे यावरून ठरवावी, असे माझे ठाम मत आहे. जमीनमालक, पंपासाठी अर्ज करणारे आणि शेजारी पंप येणार म्हणून काळजीत पडलेले रहिवासी या तिघांनाही पुढील क्रम उपयोगी पडेल.

सुरुवात नकाशापासून

सातबारा उतारा हातात घेण्यापूर्वी विकास आराखड्याचा भाग नकाशा (आपल्या गटापुरता तुकडा) आणि झोन दाखला (जमीन निवासी, शेती की अन्य वापराची हे सांगणारा) काढावा. आपल्या गटासमोरचा रस्ता आराखड्यात किती रुंदीचा दाखवला आहे, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. समजा आज रस्ता १२ मीटरचा आहे आणि आराखड्यात तो ३० मीटरचा आहे. रुंदीकरण दोन्ही बाजूंनी सारखे झाले, तर मध्यरेषेपासून आज ६ मीटरवर असलेली कड १५ मीटरवर जाईल, म्हणजे तुमच्या जागेची पुढची ९ मीटर खोली रस्त्यात जाईल. ३५ मीटर खोलीचा तुकडा २६ मीटरांचा उरेल. टाक्या आणि मशीन त्या ९ मीटरांत बसवलेल्या असतील, तर पंप एक तर नव्याने बांधावा लागेल किंवा बंद करावा लागेल. त्यामुळे मोजणी करून घेताना भूकरमापकाला रस्त्याची आजची कड आणि आराखड्यातील कड अशा दोन्ही रेषा जमिनीवर खुणा करून दाखवायला सांगावे आणि पंपाचे सगळे मोजमाप दुसऱ्या रेषेपासून मोजावे.

रस्त्याचे भवितव्य केवळ रुंदीत नसते. उड्डाणपूल, मेट्रोचे खांब, भुयारी मार्ग आणि दुभाजक यांपैकी काहीही पंपासमोर आले, तर पंपाचे नशीब पालटते. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल बांधून पुरती पंधरा वर्षेही झाली नसताना २०२० मध्ये पाडावे लागले आणि त्या जागी दुमजली पुलाचे व मेट्रोचे काम सुरू झाले, हे पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्या रस्त्यावर महापालिका, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), रस्ते विकास महामंडळ किंवा महामार्ग प्राधिकरण यांपैकी कोणाचा प्रकल्प आखलेला आहे, याची लेखी चौकशी माहितीच्या अधिकारात करता येते. तीस वर्षांचा करार करण्यापूर्वी त्यासाठी महिनाभर थांबणे मुळीच महाग पडत नाही.

पन्नास मीटरांचे वर्तुळ

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ७ जानेवारी २०२० रोजी नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार शाळा, दहा किंवा अधिक खाटांचे रुग्णालय आणि स्थानिक कायद्यानुसार निवासी ठरवलेले क्षेत्र यांपासून नवा पंप ५० मीटरांच्या आत नसावा. अगदीच अडचण असेल, तर केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेली 'पेसो', सांगेल ते जादा सुरक्षा उपाय करून हे अंतर कमी करता येते, पण कोणत्याही परिस्थितीत ते ३० मीटरांखाली जाता कामा नये. हे अंतर जागेच्या कुंपणापासून मोजत नाहीत. टाकीत इंधन भरण्याचे तोंड, मशीन आणि वाफ बाहेर सोडणारा व्हेंट पाइप यांपैकी जे सर्वांत जवळ असेल, तेथून ते मोजतात.

आता यातील गणित पाहा. ३५ मीटर बाय ३५ मीटरचा पंप सुमारे १२ गुंठ्यांत बसतो. ५० मीटर त्रिज्येचे वर्तुळ मात्र ७७ गुंठ्यांहून अधिक, म्हणजे जवळजवळ दोन एकर व्यापते. तुमच्या बारा गुंठ्यांवरील निर्णय शेजाऱ्यांच्या साठ-पासष्ट गुंठ्यांवर सावली टाकतो. म्हणून आज त्या वर्तुळात ऊस उभा आहे की पत्र्याचे गोडाऊन आहे एवढेच पाहून थांबू नये. आराखड्यात तेथे शाळेचे किंवा दवाखान्याचे आरक्षण आहे का, शेजारच्या गटात कोणी गृहप्रकल्पाचा नकाशा मंजुरीला टाकला आहे का, हेही पाहावे. सूचना नव्या पंपाला लागू आहेत. पंप आधी आला आणि शाळा नंतर शेजारी आली, तर कागद पूर्ण असूनही मुले मात्र त्या वाफेतच वावरणार. आरक्षण रिकामे आहे म्हणून नियमाची पळवाट काढणारा अर्जदार स्वतःसाठी पुढच्या वीस वर्षांचे भांडण विकत घेतो.

वाफेचा विषय रहिवाशांना बऱ्याचदा अतिशयोक्त वाटतो, पण तसे नाही. पेट्रोल शून्याखाली सुमारे ४० अंशांवरही पेट घेण्याइतकी वाफ सोडते, त्या वाफेत बेंझीन हे कर्करोगकारक रसायन असते आणि ती हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागा शोधते. पंपापेक्षा खालच्या पातळीवर शेजारच्या इमारतीचे तळघर, वाहनतळाचा उतार किंवा उघडे गटार असेल, तर ही बाब नकाशावर कधीच दिसत नाही. ती जागेवर उभे राहूनच कळते. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरात महिन्याला १०० किलोलीटर (एक लाख लिटर) पेट्रोल विकण्याची क्षमता असलेल्या नव्या पंपावर वाफ परत खेचून घेणारी यंत्रणा बसवावी लागते. पुणे त्या वर्गात मोडते. त्या यंत्रणेचा खर्च आणि जागा सुरुवातीच्याच आराखड्यात धरावी.

रस्त्यावर उभे राहून मोजणी

नकाशाचे काम झाले की तीन दिवस रस्त्यावर काढावेत: एक कामाचा वार, एक शनिवार आणि एक बाजाराचा दिवस. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळांत आपल्या बाजूने जाणाऱ्या दुचाकी, रिक्षा, चारचाकी आणि ट्रक यांच्यासाठी वहीत वेगवेगळ्या रेघा ओढाव्यात. रस्त्याची एकूण रहदारी हा फसवा आकडा आहे, कारण दुभाजक असलेल्या रस्त्यावर पंपाला गिऱ्हाईक मिळते ते फक्त डाव्या बाजूच्या प्रवाहाचे. सकाळी कामावर निघालेला माणूस थांबायला नाखूष असतो आणि संध्याकाळी घरी परतताना तो सहज थांबतो, त्यामुळे शहरातून बाहेर पडणारी बाजू बहुधा अधिक चालते. त्याच बाजूला संध्याकाळची कोंडीही असते, हे विसरू नये.

दुभाजकातील वळण कोठे आहे, ही माझ्या दृष्टीने जागेची खरी परीक्षा आहे. पंपाच्या अलीकडे, म्हणजे वाहने ज्या दिशेने येतात त्या बाजूला, दोनशे-तीनशे मीटरांवर वळण असेल, तर समोरच्या प्रवाहातील दुचाकीस्वार पंप ओलांडून पुढे जातो, तेथे वळतो आणि सरळ पंपावर येतो. तेच वळण पंपाच्या पलीकडे पन्नास मीटरांवर असेल, तर तो तेथेच वळतो आणि उलट दिशेने रस्त्याच्या कडेने पंपाकडे येतो. असे उलट येणारे दुचाकीस्वार आपण सगळेच रोज पाहतो. त्यांना नावे ठेवून उपयोग नाही. जेथे पंपाची जागाच त्यांना उलट यायला शिकवते, तेथे पांढरी रेघ आणि फलक काही करू शकत नाहीत.

उतारावरील जागा टाळावी. कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली होती. अशा उतारावर वेगाने येणाऱ्या ट्रकसमोर पंपातून हळूहळू बाहेर पडणारी वाहने आणणे धोक्याचे आहे. वळणाच्या आतील बाजूची जागाही तितकीच वाईट, कारण तेथे येणारे वाहन उशिरा दिसते.

राष्ट्रीय महामार्गावर प्रवेशाची परवानगी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या जून २०२० च्या निकषांवर मिळते. शहराबाहेर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दोन पंपांमध्ये किमान ३०० मीटर आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर एकाच बाजूच्या दोन पंपांमध्ये किमान १००० मीटर अंतर लागते, टोलनाका आणि रेल्वे फाटक यांपासूनही मोठे अंतर राखावे लागते. सपाट प्रदेशात जागा किमान ३५ बाय ३५ मीटर असावी लागते. शहरी भागात २० बाय २० मीटरही चालते. त्याशिवाय आत येण्यापूर्वी वेग कमी करण्यासाठी ७० मीटरची आणि बाहेर पडताना वेग घेण्यासाठी १०० मीटरची जादा मार्गिका धरली, तर ३५ मीटर दर्शनी रुंदीच्या पंपाला प्रत्यक्षात रस्त्याच्या कडेची २०५ मीटर लांबी लागते. या मार्गिका रस्त्याच्या हद्दीतून जात असल्या, तरी त्या शेजाऱ्यांच्या दारासमोरून जातात. शेजाऱ्याचा ढाबा किंवा गॅरेज तेथे आधीच असेल, तर त्याच्याशी आधी बोलावे.

शहराच्या अंतर्गत रस्त्यांसाठी २०१४ च्या केंद्रीय नगर नियोजन मार्गदर्शिकेतील प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे: ३० मीटरहून कमी रुंदीच्या रस्त्यांच्या चौकापासून ५० मीटर आणि ३० मीटर किंवा अधिक रुंदीच्या रस्त्यांच्या चौकापासून १०० मीटर. प्रत्यक्ष बांधकामाला राज्याची डिसेंबर २०२० पासून लागू असलेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली बंधनकारक असते, त्यामुळे वास्तुविशारदाने तिच्यातील कलम दाखवूनच नकाशा करावा. चौकाच्या अगदी कोपऱ्यावरील जागा पूर्वी सोन्याची मानली जात असे. वाढत्या शहरात तीच जागा सिग्नलच्या रांगेत अडकते आणि पंपाचे तोंड बंद होते, हे जुन्या पुण्यातील अनेक कोपऱ्यांवर दिसते.

रांग कोठे उभी राहणार

नियमांच्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर अपुरे आहे, म्हणून तो स्वतः सोडवावा लागतो. समजा, चारचाकींसाठी दोन मशीन आहेत आणि दोन्हींच्या दोन्ही बाजूंनी इंधन भरले जाते, म्हणजे एकाच वेळी चार गाड्या उभ्या राहतात. पैसे देण्यासह एका गाडीला चार मिनिटे लागत असतील, तर तासाला साठ गाड्या सुटतात. संध्याकाळच्या तासात पंचाहत्तर आल्या, तर पंधरा शिल्लक राहतात. एका गाडीला अंतरासह ६ मीटर धरले, तर ही ९० मीटरची रांग झाली. चार मार्गिकांत विभागली तरी प्रत्येकी २२ मीटरांहून अधिक. ३५ मीटर खोलीच्या जागेत ती कशीबशी मावते, २० मीटरच्या जागेत ती रस्त्यावर येते. आपल्या मोजणीचे आकडे घालून हे गणित अर्ज करण्यापूर्वीच करावे.

सीएनजी द्यायचा असेल, तर हे गणित आणखी कठीण होते. गॅस भरायला वेळ अधिक लागतो, दाब कमी असेल तर त्याहून अधिक, आणि रिक्षाचालकाची सिलिंडरची क्षमता लहान असल्यामुळे तो रोज येतो. रिक्षांच्या रांगा रस्त्यावर आलेले पंप पुण्यात पाहायला लांब जावे लागत नाही. त्यासाठी सीएनजीची मार्गिका पेट्रोलपासून वेगळी आणि आवाराच्या मागील बाजूने वळसा घालून आणावी, म्हणजे रांग आतच दुमडली जाईल. गॅसची वाहिनी रस्त्यापर्यंत आलेली नसेल, तर गॅस ट्रकवरील सिलिंडरांतून येतो आणि त्या ट्रकला उभे राहायला वेगळी जागा लागते. नोव्हेंबर २०१९ च्या केंद्रीय धोरणानुसार नव्याने परवानगी मिळालेल्या कंपन्यांना तीन वर्षांत सीएनजी, जैवइंधन किंवा विजेचे चार्जिंग यांपैकी किमान एक सोय उभी करावी लागते. त्यामुळे "सध्या फक्त पेट्रोल" असे सांगितले गेले, तरी चार्जिंगला थांबणाऱ्या गाड्यांचा कोपरा पहिल्या नकाशातच राखून ठेवावा.

जमिनीखाली आणि डोक्यावर

पुण्याच्या जमिनीत वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली भेगाळ बेसाल्ट असतो. भेगांतून पाणी जाते, तसे गळालेले इंधनही जाते आणि ते कोणत्या विहिरीत निघेल हे सांगता येत नाही. नियोजित टाकीच्या ठिकाणी सुमारे चार मीटर खोल चर पाडून पाहावा आणि तो ऑगस्टमध्ये पाडावा. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी जागा भर पावसात कमरेइतके पाणी दाखवते. जवळच्या शंभर-दोनशे मीटरांतील विहिरी आणि बोअर यांची यादी करून पंप सुरू होण्यापूर्वीच त्यांतील पाण्याची तपासणी करून अहवाल ठेवावा. पुढे कोणी तक्रार केली तर खरे-खोटे करण्याचा तोच एकमेव आधार असतो.

पाण्यामुळे टाकी वर येते, ही गोष्ट अनेकांना खरी वाटत नाही. २० किलोलीटरची टाकी पाण्यात पूर्ण बुडाली तर पाणी तिला सुमारे २० टनांच्या जोराने वर ढकलते. रिकाम्या पोलादी टाकीचे स्वतःचे वजन त्यापुढे अगदीच किरकोळ असते. पूर येण्याच्या दिवशी टाकी अर्धी रिकामी असेल आणि तळाला काँक्रीटच्या पायाशी पट्ट्यांनी बांधलेली नसेल, तर ती फरशी फोडून उचलली जाते आणि पाइप तुटतात. दुसरे असे की आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेले की पाणी व इथेनॉलचा थर तळाशी वेगळा होतो. पूर्वी डिपस्टिकला (टाकीत बुडवून पातळी मोजायच्या काठीला) पाणी ओळखणारी पेस्ट लावून तळातील पाणी ओळखायचे आणि काढून टाकायचे. आता शिरलेल्या पाण्याने अख्खा साठा बिघडू शकतो.

या कारणाने ओढ्यालगतची जागा मी कोणत्याही भाड्याला सुचवणार नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केले, हे शहराच्या दक्षिण भागात राहणाऱ्यांना ठाऊक आहे. जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा, म्हणजे अनुक्रमे २५ आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषा, मोठ्या नद्यांच्या बाबतीत मिळतात. लहान ओढ्यांसाठी गावातील वयस्कर माणसांना "पाणी कुठवर आलं होतं?" असे विचारावे आणि त्यांनी दाखवलेल्या खुणेच्या वर टाकीचे तोंड ठेवावे.

डोक्यावर उच्चदाबाची वीजवाहिनी असेल, तर तो विषय तेथेच संपतो. तिच्याखाली पंपाला परवानगी नाही. पण शेजारच्या जमिनीवरील उंच गोष्टींकडेही पाहायला हवे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळात भलामोठा फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे गेली. फलक पंपाच्या आवारात नव्हता, शेजारी होता. शेजारच्या गटात फलक, मोबाइलचा मनोरा किंवा जुने झाड असेल, तर त्याची उंची मोजावी आणि तेवढ्या अंतराच्या आत मशीन व कॅनॉपी (मशीनवरचे छत) ठेवू नये.

परवानग्या थोडक्यात

जागा या सगळ्यांतून उतरली तर कागदांची वाट अवघड नाही. कंपनीची जाहिरात आणि निवड, त्यानंतर पेट्रोलियम नियम २००२ खाली जिल्हा प्राधिकाऱ्याचा ना हरकत दाखला, मग पेसोचा परवाना, असा मुख्य क्रम आहे. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत हा दाखला पोलीस आयुक्तांकडून आणि अन्यत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो, त्यामुळे आपले गाव कोणत्या पोलीस ठाण्याखाली येते ते आधी पाहावे. त्या कार्यालयातून वाहतूक शाखा, अग्निशमन दल, बांधकाम खाते, नगररचना आणि तहसीलदार यांचे अभिप्राय मागवले जातात. जमीन अकृषिक नसेल तर जमीन महसूल संहितेतील तरतुदी लागतात; मंजूर आराखड्याच्या क्षेत्रात ते काम पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. हरकत असलेल्या रहिवाशांनी आपले म्हणणे याच टप्प्यावर, मोजमापे आणि छायाचित्रे जोडून, लेखी द्यावे. टाक्या पुरल्यानंतरच्या अर्जाला फारसे वजन राहत नाही.

करारावर सही करण्यापूर्वी

एका जागेवर नकाशात टँकर सहज वळत होता. प्रत्यक्षात मात्र तो दर खेपेला मागे घेत घेत रस्त्यावर यायचा आणि एक पोरगा हात दाखवून संध्याकाळची रहदारी थांबवायचा. तेव्हापासून मी प्रत्येक जमीनमालकाला एक दिवस खर्च करायला सांगतो. मोकळ्या जमिनीवर फक्कीने पूर्ण मापाचा नकाशा आखावा: रस्त्याची पुढची कड, मशीनचे चौथरे, कॅनॉपीचे खांब, टाक्यांची जागा, आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट. खांबांच्या जागी बांबू रोवावेत. मग एक रिकामा टँकर भाड्याने आणून तो रस्त्यावरून आत घ्यावा, टाकीच्या तोंडाशी तोंड बाहेरच्या दिशेला ठेवून उभा करावा, म्हणजे आग लागली तर तो मागे न घेता सरळ बाहेर काढता येईल, आणि तसाच पुढे रस्त्यावर न्यावा. चाकांनी फक्कीची रेघ कोठे पुसली आणि कोणता बांबू आडवा झाला ते लिहून घ्यावे, आणि वास्तुविशारदाने नकाशा त्यानुसार बदलल्यावर टँकर पुन्हा एकदा फिरवावा.